कमी पैशात गेमिंग पीसी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक कॉलेजातली मुलं, पहिली नोकरी लागलेले तरुण आणि मुलांच्या हट्टापुढे बुचकळ्यात पडलेले पालक विचारतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. हातात पैसे कमी असतील तर पीसी टप्प्याटप्प्याने उभा करावा. आधी पाया, म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड (पुढे नुसता ‘बोर्ड’), रॅम आणि वीजपुरवठा, नीट घालायचा आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र तयार करणारा भाग, नंतर आणायचं. सगळं एकाच दिवशी घ्यायच्या नादात नेमक्या न दिसणाऱ्या भागांवर काटकसर होते, आणि तीच पुढे महागात पडते.

कमीत कमी किती पैसे लागतील?

कोणता गेम खेळायचा त्यावर ते ठरतं. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, माइनक्राफ्ट, जीटीए ५ एवढ्यावर समाधान असेल तर ग्राफिक्स कार्ड नसतानाही, सेटिंग खाली ठेवून सुरुवात करता येते. नवे मोठे गेम खेळायचे तर कार्डाला पर्याय नाही.

ढोबळ अंदाज असा, मॉनिटर सोडून. कंपन्यांमधून बाहेर पडलेला जुना ऑफिस पीसी आणि त्यात छोटं कार्ड: २०,००० ते २५,०००. सगळं नवं, पण कार्डाशिवाय, रायझन ५ ५६००जी सारख्या, आतच ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरवर: ४०,००० च्या आसपास. रायझन ५ ५६०० किंवा आय३-१२१००एफ आणि सोबत आरएक्स ६६०० च्या तोडीचं कार्ड: ५५,००० ते ६०,०००. भाव आठवड्यागणिक हलतात, म्हणून हे आकडे फक्त दिशा म्हणून घ्या.

रॅम अचानक इतकी महाग का झाली? भाव उतरेपर्यंत थांबू का?

२०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल मोठ्या प्रमाणावर एआयच्या डेटा सेंटरकडे वळला आणि किरकोळ बाजारात रॅमचे भाव दुपटीच्याही वर गेले. एसएसडीलाही (साठवणीच्या ड्राइव्हलाही) त्याची झळ बसली आहे. गरज आज असेल तर थांबण्यात फारसा अर्थ नाही, मात्र निवड बदला. डीडीआर५ ही नवी रॅम लागणारा प्लॅटफॉर्म सोडा आणि डीडीआर४ या आधीच्या पिढीच्या रॅमवर चालणारा एएम४ (एएमडी रायझनचा सॉकेट) किंवा एलजीए१७०० (इंटेलचा सॉकेट) चा बोर्ड घ्या. सेकंडहँड घ्यायला रॅम हा सगळ्यात बिनधोक भाग आहे. ती एक तर चालते किंवा चालत नाही, आणि तासभराच्या मेमरी टेस्टमध्ये ते कळतं.

१६ जीबी हवी असेल तर ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या. कार्डाशिवाय चालणाऱ्या ५६००जी सारख्या प्रोसेसरला दोन पट्ट्यांनी पडणारा फरक डोळ्यांना दिसतो, कारण त्याचं ग्राफिक्स रॅमवरच चालतं. चार खाचा असलेल्या बोर्डवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या बसवा. नंतर बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम निमूट २४०० किंवा २६६६ वर चालत राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

ऑनलाइन ‘आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, गेमिंग पीसी, फक्त १८,०००’ असं दिसतंय. घेऊ?

नका घेऊ. या जाहिरातीतला प्रत्येक शब्द खरा असू शकतो, तरीही माल उपयोगाचा नसतो.

आय७ कोणत्या पिढीचा, हे तिथे लिहिलेलंच नसतं. बहुतेक वेळा तो आय७-२६०० असतो, म्हणजे २०११ चा, किंवा त्याच्या मागेपुढचा. डॅशनंतरचा आकडा बघायची सवय लावा: आय५-८५०० म्हणजे आठवी पिढी, आय५-१२४०० म्हणजे बारावी. आजचा चार कोअरचा आय३-१२१०० त्या जुन्या आय७ ला सहज मागे टाकतो.

बोर्ड असतो त्याच जुन्या काळातल्या एच६१ चिपसेटचा, अनोळखी नावाचा, नव्या खोक्यात. आणि ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ म्हणजे बहुधा जीटी ७३०. हे कार्ड २०१४ चं. कार्डावर मेमरी किती आहे यावरून कार्डाची ताकद कळत नाही. जीटी ७३० ला ४ जीबी दिली काय आणि ८ जीबी दिली काय, ती भराभर वापरण्याची कुवतच त्या चिपमध्ये नाही. ५६००जी मध्ये आतच असलेलं ग्राफिक्स त्याहून चांगलं चालतं.

आणखी एक अडचण विंडोजची. विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही. विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या पीसीतल्या दोन सुरक्षा सोयी मागतो. आडवाटेने विंडोज ११ टाकून दिलं तरी गेम दारातच अडतो.

मग कंपनीतून निघालेला जुना ऑफिस पीसी चालेल का?

हा मार्ग मला मनापासून आवडतो. डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा प्रोडेस्क किंवा एलिटडेस्क, लेनोव्होचा थिंकसेंटर हे सगळे वर्षानुवर्षं चालावेत म्हणून बनवलेले असतात. आय५-८५०० असलेला शोधा. सहा कोअर आहेत आणि विंडोज ११ च्या यादीतही तो बसतो.

घेण्याआधी कॅबिनेटचा आकार बघा. पूर्ण उंचीचा टॉवर मिळाला तर उत्तम. चपटा, छोटा असेल तर त्यात फक्त लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, कार्ड बसतं. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बघा: या पीसींमध्ये तो बऱ्याचदा २०० ते ३०० वॉटचा असतो, कार्डासाठी वेगळी केबल नसते, आणि काही मॉडेलमध्ये जोडणीच कंपनीची स्वतःची असल्याने बाजारातला साधा एसएमपीएस लागत नाही. म्हणून खाचेतूनच वीज घेणारं, ७५ वॉटच्या आतलं कार्ड हवं. जीटीएक्स १६५० चं विनाकेबल मॉडेल किंवा आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल इथे बसतं.

आरएक्स ६४०० मात्र इथे टाळा. ते कार्ड बोर्डशी फक्त चार लेनने, म्हणजे डेटाच्या चारच वाटांनी, बोलतं. नव्या, पीसीआयई ४.० च्या (पीसीआयई म्हणजे कार्डाची खाच, ४.० ही तिची पिढी) बोर्डवर ते निभावून जातं, पण या जुन्या ३.० च्या बोर्डवर त्याचा वेग बराच घसरतो. आरएक्स ६५०० एक्सटीचंही हेच रडगाणं आहे.

कार्ड नंतर घ्यायचं ठरवलं तर आत्ता काय बघून घेऊ?

प्रोसेसरच्या नावाचं शेपूट बघा. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही, आणि कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. एएम४ वरच्या रायझनमध्ये उलट आहे: ‘जी’ असेल तरच आत ग्राफिक्स, साध्या ५५०० किंवा ५६०० मध्ये नाही. दुकानात घाईघाईत पाचशे-हजार वाचवायला ‘एफ’ घेतला आणि घरी काळा स्क्रीन बघत बसले, असे फोन मला नेहमी येतात.

५६००जी मध्ये थोडी तडजोड आहे. त्याची कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान) मेमरी ५६०० च्या निम्मी, म्हणजे १६ एमबी आहे, त्यामुळे पुढे कार्ड लावल्यावर तो काही गेममध्ये ५६०० पेक्षा मागे पडतो. पण कार्डासाठी सहा-आठ महिने थांबावं लागणार असेल, तर मधल्या काळात हातात चालू पीसी असण्याचं मोल मोठं आहे.

एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट मिळतोय. वेगळा का घ्यायचा?

सगळे प्रश्न विसरलात तरी चालेल, हा विसरू नका.

फुकटच्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं असतं. तो डबा हातात घ्या आणि बाजूच्या स्टिकरवरचा तक्ता वाचा. त्यात +१२ व्होल्टखाली अँपिअरचा आकडा असतो. प्रोसेसर आणि कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवरून घेतात. समजा तिथे १४ अँपिअर लिहिलंय. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉट. खोक्यावरचे ४५० कुठे गेले? आता हिशोब करा: आरएक्स ६६०० एकटं १३२ वॉटपर्यंत घेतं, प्रोसेसर ६५ ते ७५, वर पंखे आणि ड्राइव्ह. ताण सुरू झाला की पीसी गेमच्या ऐन मोक्यावर बंद पडतो. कधी एसएमपीएस जाताना बोर्ड आणि कार्डही सोबत नेतो.

चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टवर ३५ अँपिअरच्या पुढचा आकडा दिसतो आणि डबा हातात जड लागतो. ८० प्लस ब्राँझचं चिन्ह, नावाजलेली कंपनी आणि किमान ३ वर्षांची वॉरंटी एवढं बघून ४५० ते ५५० वॉटचा घ्या. साधारण ३,००० ते ४,५०० मध्ये येतो. पैसे कमी पडले तर कॅबिनेट साधं घ्या, रंगीत दिव्यांचे पंखे सोडा, एसएसडी लहान घ्या. इथे हात आखडू नका.

सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घ्यावं का? मायनिंगचं निघालं तर?

घ्यावं, पण समोर चालवून बघून. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचलनाचं कार्डांवरचं मायनिंग (कार्डं सतत चालवून नवी नाणी मिळवणं) बंद झालं आणि ढिगाने कार्डं बाजारात आली. मायनिंग केलेलं म्हणजे वाया गेलेलं, असं सरसकट नसतं. एकसारख्या तापमानावर शांत चाललेलं कार्ड कधीकधी धुळीने माखलेल्या गेमिंग कार्डापेक्षा बरं निघतं. झिजतात ते पंखे, आणि वाळते ती चिप आणि कूलर यांच्यामधली पेस्ट.

विक्रेत्याच्या घरी जा आणि त्याच्याच पीसीवर कार्ड चालवायला सांगा. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. जीटीएस ४५० सारखी जुनी कार्डं बायोस बदलून १०५० टीआय म्हणून विकली जातात, अशा नकली कार्डाला हा छोटा प्रोग्रॅम बहुतेक वेळा ओळखतो. आरएक्स ५८० बघत असाल तर त्यात शेडरचा (कार्डातल्या छोट्या गणन-घटकांचा) आकडा वाचा: खऱ्या ५८० मध्ये तो २३०४ असतो, २०४८ दिसला तर ते थोडं हलकं मॉडेल आहे आणि भावही तसाच हवा. मग फरमार्क, म्हणजे कार्डावर पूर्ण ताण देणारी टेस्ट, पंधरा मिनिटं चालवा. स्क्रीनवर ठिपके किंवा रेघा येतात का, पंखा खरखरतो का, तापमान ८५ च्या पुढे जातं का, ते बघा. शेवटी टॉर्च मारून स्क्रू आणि पट्ट्यांमधली फट तपासा. झिजलेल्या स्क्रूचा अर्थ कार्ड उघडलेलं आहे. पांढरट-हिरवट गंज दिसला तर नमस्कार करून निघा.

वयाचाही विचार करा. एनव्हिडियाने जीटीएक्स १० मालिकेचे गेमसाठीचे ड्रायव्हर २०२५ मध्ये थांबवले, आता फक्त सुरक्षेपुरते येतात. त्यामुळे १०६० पेक्षा १६६० सुपर चार पैसे जास्त देऊन घेणं शहाणपणाचं. नवं-जुनं मिळून माझी पहिली पसंती आजही आठ जीबीच्या आरएक्स ६६०० ला आहे. वीज कमी खातं आणि १०८० पी (फुल एचडी) ला पुरून उरतं. इंटेलची आर्क कार्डंही किमतीत बरी मिळतात, पण बोर्डवर रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर ती घेऊ नका.

पैशांबाबत: आगाऊ एक रुपयाही पाठवू नका. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, कुरिअरने पाठवतो’ हा फसवणुकीचा जुना साचा आहे. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला कुणी सांगितलं तर तिथेच थांबा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसलाच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

खरेदी कुठे करू? लॅमिंग्टन रोडला जाणं परवडतं का?

मुंबईत असाल तर जा. हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार ग्रँट रोड स्टेशनवरून चालत गाठता येतो. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि आसपास फिरा, नागपुरात सीताबर्डी. जाण्याआधी दोन-तीन वेबसाइटवरचे भाव वहीत लिहून न्या, सुटे सुटे. ‘कॉम्बो’चा एकच आकडा दुकानदाराने सांगितला तर प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव लिहून मागा. ‘८ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, गेमिंग बोर्ड’ असं लिहिलेल्या कोटेशनला काही अर्थ नाही.

‘बिलाशिवाय घ्या, १८ टक्के वाचतील’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. बोर्डची तीन वर्षांची वॉरंटी त्या कागदावरच असते. प्रोसेसर खोक्यातला आहे की ट्रेचा (खोक्याशिवाय सुटा), तेही विचारा. ट्रेच्या मालाला बहुतेक वेळा कंपनीची वॉरंटी नसते, फक्त दुकानदाराच्या शब्दाची असते.

गाव लांब असेल तर प्रोसेसर, एसएसडी आणि रॅम ऑनलाइन मागवायला हरकत नाही. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, सलग, सील दिसेल असा.

स्वतः जोडता येईल का?

येईल. एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक निवांत दुपार लागते. आधी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम, कूलर लावा, आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही लावून चालू करून बघा. कॅबिनेटमध्ये सगळं घट्ट बसवल्यावर दोष शोधणं फार जिकिरीचं.

चुका होतात त्या ठरलेल्या जागी. कूलरच्या तळाचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायचा राहतो. प्रोसेसरची चार किंवा आठ पिनची वेगळी केबल राहते. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डमध्ये लावली जाते आणि मग ‘कार्ड चालतच नाही’ अशी तक्रार येते. एलजीए१७०० च्या बोर्डवरच्या पिना वाकल्या तर वॉरंटी मिळत नाही, म्हणून प्रोसेसर सरळ वरून सोडा, सरकवू नका. एएम४ वरून कूलर काढताना आधी पीसी थोडा तापवा आणि कूलर हलका डावी-उजवीकडे फिरवत काढा, नाहीतर प्रोसेसर त्यालाच चिकटून उपटला जातो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. पीसी खराब आहे का?

पीसी नाही, घराचं अर्थिंग खराब आहे किंवा मुळात नाही. जुन्या चाळी, वाडे आणि गावाकडच्या घरांत हे सर्रास दिसतं. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते धातूच्या डब्याला जोडलेले असतात. अर्थिंग असलं तर त्यांतून झिरपणारा किंचित करंट जमिनीत जातो. नसलं तर कॅबिनेटवर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं आणि टेस्टर लावला की दिवा लागतो. करंट अगदी कमी असतो, पण चालू पीसीला टीव्हीची एचडीएमआय लावताना पोर्ट जळू शकतो.

इलेक्ट्रिशियनकडून नीट अर्थिंग करून घ्या. तिसरी पिन तोडू नका. आणि ‘अर्थची वायर न्यूट्रलला जोडून देतो’ म्हणणाऱ्याला घरात हात लावू देऊ नका. न्यूट्रल तुटली तर पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतात आणि जीव जाऊ शकतो.

आमच्याकडे लाइट जाते. यूपीएस घ्यावा का?

घ्यावा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॉट देतो. गेम चालू असताना तो दोन-चार मिनिटं पुरेल, तेवढ्यात सेव्ह करून बंद करायचं. लाइट जाताच यूपीएस असूनही पीसी बंद पडत असेल तर बॅटरी थकलेली असते, किंवा एसएमपीएस आणि यूपीएसच्या चौकोनी वेव्हचं जमत नसतं. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावरचं बटण यूपीएस मोडवर टाका.

एप्रिल-मे मध्ये आमच्या विदर्भात पारा ४५ ला जातो. पीसी टिकेल?

टिकेल. खोलीचं तापमान जितकं वाढेल, जवळपास तितकंच आतलं वाढतं, हे धरून चाला. पुढून जाळीचं कॅबिनेट घ्या, काचेच्या बंद तोंडाचं नको. गेममध्ये दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची मर्यादा ६० किंवा ७५ ला बांधा. कार्डाला अंडरव्होल्ट करा, म्हणजे थोडं कमी व्होल्टेज द्या, दहा-पंधरा वॉट कमी होतात आणि खेळात फरक जाणवत नाही.

घरातला पाण्याचा कूलर मात्र पीसीवर रोखू नका. त्या ओलसर वाऱ्याबरोबर बारीक तुषार येतात आणि पाण्यातला क्षार बोर्डवर बसतो. कोकणात खारी हवा हाच प्रश्न वेगळ्या रूपात आणते: तिथे पीसी खिडकीपासून लांब ठेवा आणि पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी चालू करा.

मुलाला हवा आहे, आम्हाला यातलं काही कळत नाही. विजेचं बिल किती वाढेल?

खेळताना पीसी आणि मॉनिटर मिळून ३०० वॉट धरा. रोज तीन तास म्हणजे ०.९ युनिट, महिन्याला २७. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर दराचा टप्पा बदलतो, त्यामुळे तुमचा वापर ९० च्या आसपास असेल तर वाढ जास्त टोचेल.

यावर फक्त खेळच होतो असंही नाही. कोडिंग, ऑटोकॅड, ब्लेंडर, व्हिडिओ एडिटिंग याच पीसीवर होतं. मुलाला सुट्या भागांची यादी भावासकट लिहायला सांगा आणि प्रत्येक ओळीपुढे ‘हेच का’ विचारा. उत्तरं नीट आली तर त्याचा अभ्यास झाला आहे.

गेमचे पैसे कुठून आणू?

एपिक गेम्स स्टोअर दर आठवड्याला गेम फुकट देतं, तो खात्यात कायमचा जमा होतो. स्टीमवर रुपयांत भाव असतात आणि मोठे सेल येतात. क्रॅक केलेले गेम टाळा, त्यांच्यासोबत पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम येतात. आणि जागेचा अंदाज ठेवा: काउंटर-स्ट्राइक २ एकटा ८५ जीबी मागतो, रेड डेड रिडेम्प्शन २ तर १५०.

वर्षभराने थोडे पैसे जमले तर आधी काय बदलू?

अंदाजाने ठरवू नका. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅमने गेम चालू असताना स्क्रीनवर आकडे दाखवा. कार्डाचा वापर ९७-९९ टक्के दिसत असेल तर कार्ड अपुरं पडतंय. तो ६०-७० वर घुटमळत असेल आणि फ्रेमची मर्यादा लावलेली नसेल, तर प्रोसेसर मागे पडतोय. एएम४ चा बोर्ड असेल तर बहुतेक वेळा बायोस अद्ययावत करून त्यावरच रायझन ७ ५७००एक्स बसवता येतो, बोर्ड आणि रॅम तीच राहते. दोन्ही ठीक असूनही गेम मध्येच अडखळत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये रॅम बघा. ८ जीबी पूर्ण भरलेली दिसली तर त्याच कंपनीची, त्याच वेगाची दुसरी पट्टी घ्या. जुनं कार्ड विकायचं असेल तर नवं आल्यावर लगेच विका, आणि त्याचं बिल आणि खोकं जपून ठेवलेलं असेल तर भाव बरा येतो.